सिरीयल कन्सोलवर लॉगिन होत नाही? आधी बघा, शेवटचं कोण बोललं

लिनक्स चालवणाऱ्या छोट्या बोर्डाला पॉवर दिली, सिरीयल केबल जोडली, टर्मिनल उघडलं आणि पुढे काहीच नाही. किंवा नुसता अक्षरांचा कचरा. किंवा सगळा बूट लॉग झरझर येतो, लॉगिनची ओळ दिसते, पण एक अक्षर उमटत नाही. किंवा हे सगळं नीट होतं, पासवर्डही बरोबर असतो, आणि तरी ‘लॉगिन इन्करेक्ट’. या चारही तक्रारी लोक एकाच वाक्यात सांगतात: कन्सोल चालत नाही. प्रत्यक्षात त्या चार वेगळ्या जागच्या आहेत. त्यातली कुठली आपली, हे कळायच्या आत केबल बदलत बसणं किंवा इमेज पुन्हा बिल्ड करणं म्हणजे अख्खा दिवस घालवणं.

एम्बेडेड लिनक्सच्या सिरीयल कन्सोलवर कुणी एकच प्रोग्राम बोलत नसतो. त्याच तीन तारांवर पाळीपाळीने वेगवेगळे बोलतात. काही चिप्सवर आधी आतला बूट रॉम, मग यू-बूटसारखा बूटलोडर (कर्नलला चालू करणारा), मग कर्नल (लिनक्सचा गाभा), मग इनिट (बाकीचे प्रोग्राम चालू करणारा पहिला प्रोग्राम), मग गेटी (लॉगिनची ओळ दाखवणारा), मग लॉगिन (पासवर्ड तपासणारा), आणि सगळ्यात शेवटी शेल (आपल्या आज्ञा घेणारा). बूटलोडर आपला बॉड रेट, म्हणजे बिट पाठवायचा वेग, स्वतः ठरवतो, कर्नलला तो वेगळा सांगावा लागतो, गेटीला पुन्हा वेगळा. म्हणून कुणी मदत मागितली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेवटचं कोण बोललं? त्याच्यापर्यंतचं सगळं ठीक आहे असं धरायचं आणि त्याच्या पुढच्यापासून शोधायला लागायचं.

एक सूचना आधीच. या लेखात आज्ञा, फाइलींची नावं आणि पोर्टांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत करायची. जिथे मोठं अक्षर महत्त्वाचं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

कुणीच बोललं नाही

पडदा कोरा असेल तर बोर्डाकडे नंतर बघू, आधी आपला कॉम्प्युटर. टर्मिनलमध्ये ‘डीमेसेज -डब्ल्यू’ चालू ठेवा आणि यूएसबी-सिरीयल ॲडॉप्टर लावा. चिपचं नाव आणि शेवटी टीटीवाययूएसबी० असं पोर्टचं नाव दिसलं पाहिजे. ज्या बोर्डांवर डीबगसाठी स्वतःचाच यूएसबी सॉकेट असतो तिथे हे नाव बहुधा टीटीवायएसीएम० असतं. काहीच ओळ आली नाही तर केबल बदला. फक्त चार्जिंगच्या, डेटाच्या तारा नसलेल्या केबल्स दिसायला अगदी तशाच असतात.

पोर्ट आलं आणि लगेच गेलं, असंही होतं. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चिपचा ॲडॉप्टर लावला की बीआरएलटीटीवाय नावाची सेवा त्याला ब्रेलचं उपकरण समजून ताब्यात घेते आणि पोर्ट नाहीसं होतं. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर ते पॅकेज काढून टाकलं की प्रश्न मिटतो. मोडेममॅनेजरची सवयही अशीच त्रासदायक आहे. नवीन पोर्ट दिसलं की ते मोडेम आहे का हे बघायला तो स्वतःहून त्यावर अक्षरं पाठवू शकतो, आणि यू-बूटची उलटी मोजणी चालू असताना ती अक्षरं पोचली तर बूट तिथेच थांबतं.

‘पर्मिशन डिनाइड’ आलं तर डेबियन आणि उबुंटूवर स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये घाला. आर्च लिनक्सवर तो ग्रुप यूयूसीपी नावाचा आहे. ग्रुपमध्ये घातल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करावं लागतं. हे विसरून लोक प्रत्येक वेळी सूडो वापरत राहतात.

आता ॲडॉप्टर बोर्डापासून सोडवा आणि त्याचेच टीएक्स (पाठवायचा) आणि आरएक्स (घ्यायचा) पिन एका जम्परने, म्हणजे छोट्या तारेने, जोडा. पिकोकॉम, मिनीकॉम, टिओ, जे टर्मिनल वापरत असाल ते उघडा, लोकल एको (टाइप केलेलं टर्मिनलने स्वतःच दाखवणं) बंद असल्याची खात्री करा आणि टाइप करा. टाइप केलेली अक्षरं परत आली म्हणजे कॉम्प्युटर, ड्रायव्हर, केबल आणि ॲडॉप्टर चौघेही निर्दोष. ही चाचणी एका मिनिटाची आहे आणि पुढचे अर्धे तर्ककुतर्क तिथेच संपतात, म्हणून ती कधीही गाळू नका.

मग बोर्डाच्या तारा. ग्राउंडला ग्राउंड, ॲडॉप्टरचा टीएक्स बोर्डाच्या आरएक्सला, ॲडॉप्टरचा आरएक्स बोर्डाच्या टीएक्सला. चौथी तार, व्हीसीसी, जोडायची नाही. बोर्डाला स्वतःची पॉवर आहे. पिनवर काय छापलंय यावर विसंबू नका, कारण काही बोर्डांवर ‘टीएक्स’ म्हणजे बोर्डाचा टीएक्स तर काहींवर तिथे ॲडॉप्टरचा टीएक्स जोडा असा अर्थ असतो. मल्टिमीटर लावा. बोर्ड चालू असताना त्याच्या टीएक्स पिनवर, काही बोलत नसताना, लॉजिकचा पूर्ण व्होल्टेज स्थिर दिसतो, कारण यूआर्टची, म्हणजे सिरीयल पोर्ट चालवणाऱ्या सर्किटची, रेषा रिकामी असताना हाय असते. ३.३ व्होल्ट दिसले तर ३.३ चा ॲडॉप्टर. १.८ दिसले तर १.८ चाच ॲडॉप्टर किंवा मध्ये लेव्हल शिफ्टर (दोन बाजूंचे व्होल्टेज जुळवणारं सर्किट). ३.३ चा टीएक्स १.८ च्या पिनला जोडला तर चिप कायमची जाऊ शकते. आणि नऊ पिनांचा जुना आरएस-२३२ पोर्ट असेल तर ती दुनियाच वेगळी. तिथे सिग्नल उणे आणि अधिक दोन्हीकडे, ३ ते १५ व्होल्टच्या दरम्यान, आणि शिवाय उलटा असतो. तो थेट बोर्डाच्या पिनला जोडू नका.

इथे एक फसवी गोष्ट. बोर्ड बंद केला तरी ॲडॉप्टरच्या टीएक्समधून बोर्डाच्या आरएक्स पिनवाटे थोडा करंट आत झिरपत राहतो. त्याने एखादा एलईडी मंद पेटलेला दिसतो आणि चिप अर्धवट जागी राहते. मग पॉवर परत दिली तरी रीसेट नीट होत नाही आणि बोर्ड मेला असं वाटतं. बंद-चालू करताना काही चमत्कारिक वागणूक दिसली तर एकदा सिरीयलच्या तारा काढून बोर्ड चालू करून बघा.

बोलतोय, पण कळत नाही

कचरा दिसणं ही खरं तर चांगली बातमी आहे. तारा जोडलेल्या आहेत, कुणीतरी बोलतंय, फक्त वेग जुळत नाही. बहुतेक बोर्ड ११५२०० वर, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट अशा मांडणीत बोलतात. या वेगाला एक बिट सुमारे ८.७ मायक्रोसेकंदांचा. स्टार्ट आणि स्टॉप धरून एका अक्षराला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११५२० अक्षरं. घेणारी बाजू स्टार्ट बिट दिसल्यापासून स्वतःच्या घड्याळाने मोजत जाते, त्यामुळे दोन घड्याळांत सुमारे ५ टक्के फरक पडला की शेवटचा बिट चुकीच्या जागी वाचला जातो. प्रत्यक्षात त्याच्या आधीच गडबड सुरू होते.

११५२०० ने जमलं नाही तर ५७६००, ३८४००, ९६०० असं खाली उतरून बघा. रॉकचिपच्या बोर्डांवर मात्र वर जायचं. तिथे डीबग पोर्ट बहुधा १५००००० वर असतो, आणि सगळे ॲडॉप्टर तिथे पोचत नाहीत. जुना सीपी२१०२ कमाल १० लाखांपर्यंतच जातो, एफटी२३२आर ३० लाखांपर्यंत. अशा वेळी सेटिंगमध्ये आकडा बरोबर भरलेला असूनही कचराच येतो आणि माणूस विनाकारण बोर्डावर संशय घेतो.

कचरा कुठून सुरू झाला ते नीट बघा. यू-बूट स्वच्छ वाचता येतो आणि ‘स्टार्टिंग कर्नल’ या ओळीनंतर कचरा होतो? मग तारा आणि ॲडॉप्टर ठीक आहेत, कर्नलला वेग वेगळा सांगितला गेलाय. कर्नलही स्वच्छ आहे आणि फक्त लॉगिनची ओळ कचरा आहे? मग गेटीच्या सेटिंगमधला वेग चुकलाय. रास्पबेरी पाय ३ वर आणखी एक कारण असतं. तिथला चांगला पीएल०११ यूआर्ट ब्लूटूथला दिलेला आहे आणि पिनांवर येतो तो मिनी यूआर्ट, ज्याचा वेग कोअरच्या घड्याळावर अवलंबून असतो. घड्याळ बदललं की बॉड रेट सरकतो. कॉन्फिग डॉट टीएक्सटी फाइलमध्ये ‘इनेबल अंडरस्कोर यूआर्ट बरोबर १’ लिहिलं की पोर्ट चालू होतं आणि कोअरचं घड्याळ एका जागी बांधलंही जातं.

बूटलोडर बोलला, कर्नल गप्प

‘स्टार्टिंग कर्नल’ आणि मग शांतता. हे पाहिलं की कर्नल अडकला असा निष्कर्ष काढायची घाई होते. अनेकदा कर्नल व्यवस्थित चालू असतो, फक्त दुसऱ्याच दाराशी बोलत असतो. नेटवर्कवरून बोर्ड पिंगला उत्तर देतो का, एसएसएचने आत जाता येतं का, ते आधी बघा.

कर्नल कुठे बोलणार हे बूटआर्ग्जमधल्या, म्हणजे बूटलोडर कर्नलला देतो त्या ओळीतल्या, ‘कन्सोल=’ या पॅरामीटरवरून ठरतं, उदाहरणार्थ कन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८. पोर्टचं नाव चिपप्रमाणे बदलतं आणि चुका इथेच होतात. ८२५० जातीच्या यूआर्टला टीटीवायएस० (एस मोठा). एआरएमच्या पीएल०११ ला टीटीवायएएमए० (एएमए मोठी). एनएक्सपीच्या आय.एमएक्स ६ ला टीटीवायएमएक्ससी०. झिंक चिपला टीटीवायपीएस० (पीएस मोठी). एसटीएम३२ ला टीटीवायएसटीएम० (एसटीएम मोठी). टीआयच्या जुन्या ओमॅप कर्नलांत टीटीवायओ० असं नाव होतं (शून्याच्या आधीचं ते अक्षर मोठा ओ आहे), नंतरच्या ८२५० ड्रायव्हरबरोबर ते टीटीवायएस० झालं. जुन्या बोर्डावर नवा कर्नल चढवल्यावर कन्सोल गेला तर हे आठवा.

एकापेक्षा जास्त ‘कन्सोल=’ दिले तर कर्नलचे संदेश सगळीकडे जातात, पण /डेव्ह/कन्सोल होतो फक्त शेवटचा. म्हणजे शेवटी कन्सोल=टीटीवाय१ लिहिलेलं असेल तर कर्नलच्या ओळी सिरीयलवर येतील आणि इनिटच्या स्क्रिप्टांचं बोलणं पडद्यावर जाईल. सिरीयलवर अर्धाच लॉग येतो आणि ऐन वेळी थांबतो, तेव्हा हा क्रम तपासा.

नाव बरोबर आहे, तरी शांतता? बूटआर्ग्जमध्ये ‘अर्लीकॉन’ घाला. डिव्हाइस ट्रीच्या (बोर्डावर कुठलं हार्डवेअर आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलच्या) ‘चोझन’ नोडमध्ये ‘एसटीडीआउट-पाथ’ दिलेला असेल तर बहुतेक चिप्सवर तेवढा शब्द पुरतो आणि खरा ड्रायव्हर उठायच्या आधीचे संदेश दिसू लागतात. ते दिसून पुढे थांबले तर डिव्हाइस ट्रीमध्ये यूआर्टचा नोड ‘ओके’ आहे का, पिनमक्स (कुठला पिन कशाला जोडलाय ते) बरोबर आहे का, ड्रायव्हर कर्नलमध्ये बिल्ट-इन आहे का, हे बघायचं. आणि ‘क्वाएट’ हा शब्द बूटआर्ग्जमध्ये असेल तर गप्प बसण्याचा हुकूम आपणच दिलेला आहे. तो काढा.

कसंही करून आत शिरलात तर /प्रॉक/सीएमडीलाइन आणि /प्रॉक/कन्सोल्स या दोन फाइली वाचा. पहिलीत कर्नलला प्रत्यक्षात काय मिळालं ते कळतं. आपण यू-बूटमध्ये काय लिहिलं, त्यापेक्षा ते बऱ्याचदा निराळं असतं, कारण अनेक बोर्डांच्या बूट स्क्रिप्ट बूटआर्ग्ज ऐन वेळी नव्याने रचतात.

कर्नल बोलला, लॉगिन आलंच नाही

कर्नलचे संदेश कर्नल स्वतः पाठवतो. लॉगिनची ओळ गेटी नावाचा वेगळा प्रोग्राम पाठवतो, आणि तो कुणीतरी चालू करावा लागतो. पहिलं दिसलं म्हणून दुसरं दिसेलच असं नाही.

बिझीबॉक्सचं (छोट्या सिस्टीमांसाठी अनेक आज्ञा एकत्र बांधलेल्या प्रोग्रामचं) इनिट असेल तर /इटीसी/इनिटटॅब उघडा. तिथे अशी ओळ हवी:

टीटीवायएस०::रीस्पॉन:/एसबिन/गेटी -एल टीटीवायएस० ११५२०० व्हीटी१००

यातला ‘एल’ मोठा आहे. त्याचा अर्थ, कॅरियर डिटेक्टची, म्हणजे समोरचा मोडेम जोडला गेलाय असं सांगणाऱ्या तारेची, वाट बघू नकोस. तीन तारांच्या जोडणीत ती तारच नसते, त्यामुळे हा पर्याय विसरला तर गेटी पोर्ट उघडतानाच थांबून राहू शकतो, एकही अक्षर न छापता. ‘पीएस’मध्ये प्रोसेस दिसते, पडद्यावर काही नाही. या एका अक्षराने किती जणांना छळलं असेल.

सिस-व्ही पद्धतीचं इनिट असेल तर ‘रीस्पॉनिंग टू फास्ट, डिसेबल्ड फॉर ५ मिनिट्स’ अशी तक्रार दिसू शकते. म्हणजे गेटी चालू होतो आणि लगेच मरतो. पोर्टचं नाव चुकलेलं असतं, नाहीतर गेटीचा प्रोग्राम त्या जागी नसतो.

सिस्टमडी हे इनिट असेल तर ही ओळ कुठे लिहावी लागत नाही. सिस्टमडीचा गेटी जनरेटर बूटच्या वेळी चालू कन्सोलांची यादी कर्नलकडून घेतो आणि सिरीयल-गेटी@टीटीवायएस० ही सेवा आपोआप उभी करतो. त्यामुळे इथे लॉगिन आलं नाही तर चूक बहुधा ‘कन्सोल=’ मध्येच सापडते. तिला हात लावायचा नसेल तर ‘सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ’ ने ती सेवा हाताने चालू करता येते. दुसरं ठरावीक दृश्य: पडद्यावर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर’ आणि पुढे पोर्टचं नाव, शेजारी दीड मिनिटाची मोजणी. सिस्टमडी यूडेव्हकडून (उपकरणांची नोंद ठेवणाऱ्या सेवेकडून) त्या पोर्टची खबर येण्याची वाट बघत असतो. एक तर त्या नावाचं पोर्टच नाही, किंवा यूडेव्ह नीट चालत नाही. स्वतः घडवलेल्या कर्नलात ‘कॉन्फिग एफहँडल’ (सगळी अक्षरं मोठी, मध्ये अंडरस्कोर) बंद ठेवला असेल तर नेमकं हेच होतं.

इमेज बांधायला बिल्डरूट वापरत असाल तर सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये ‘रन अ गेटी’ आणि त्याखाली पोर्ट व वेग तपासा. योक्टो या तशाच साधनात ‘सिरीयल कन्सोल्स’ (सगळी अक्षरं मोठी, मध्ये अंडरस्कोर) हे व्हेरिएबल, ज्यात आधी वेग, मग अर्धविराम, मग पोर्ट असतं. उलटं लिहिणारे बरेच भेटतात.

लॉगिन दिसतं, टाइप होत नाही

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रकार. बोर्डाकडून येणारी वाट ठीक आहे, जाणारी बंद आहे.

पहिला संशय फ्लो कंट्रोलवर घ्या. मिनीकॉममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल अनेक ठिकाणी मुळातच चालू असतो. तो सीटीएस तारेवर परवानगीची वाट बघतो, आपल्या जोडणीत ती तार नसते, आणि टाइप केलेलं सगळं कॉम्प्युटरमध्येच अडून राहतं. कंट्रोल-ए, मग ओ, सिरीयल पोर्ट सेटअप, आणि तिथे ‘एफ’ दाबून ‘नो’ करा. सेटिंग सेव्ह करायला विसरू नका. पिकोकॉममध्ये फ्लो कंट्रोल मुळात बंदच असतो, म्हणून मी नवीन माणसाला तोच सुचवतो.

दुसरा संशय तारेवर. ॲडॉप्टरचा टीएक्स आणि बोर्डाचा आरएक्स एवढीच एक तार सुटली किंवा चुकली तर अगदी हेच दिसतं. याची परीक्षा सोपी आहे: यू-बूटच्या उलट्या मोजणीत की दाबून तो थांबतो का? थांबला तर तार ठीक, दोष लिनक्सच्या बाजूला. नाही थांबला तर आधी तार बघा, जरी काही उत्पादनांत ही सोय मुद्दाम बंद केलेली असते.

कंट्रोल-एस चुकून दाबलं गेलं तरी पडदा गोठतो. कंट्रोल-क्यू दाबून बघायला काही जात नाही.

आता एक प्रसंग, कारण हा दोष ओळखायला मला खरंच वेळ लागला होता. एका बोर्डवर लॉगिन दिसत होतं, टाइपही होत होतं, ‘रूट’ची चारही अक्षरं पडद्यावर उमटत होती, पण एंटर दाबला की कधी पासवर्ड विचारला जायचा, कधी लॉगिनचीच ओळ परत यायची. पासवर्ड नेहमी चुकीचा. मी पासवर्ड तीनदा बदलला, केबल बदलली. मग लक्षात आलं की पासवर्ड टाइप केल्यावर त्यातलं एखादं अक्षर पडद्यावर उमटतंय. पासवर्डचं अक्षर दिसायलाच नको, लॉगिन एको बंद करतो. म्हणजे ते अक्षर लॉगिनने वाचलंच नव्हतं, दुसऱ्याच कुणीतरी वाचून छापलं होतं. एसएसएचने आत जाऊन ‘पीएस’ बघितलं तर दोन गेटी. इनिटटॅबमध्ये एक ओळ ‘कन्सोल’साठी, दुसरी टीटीवायएस० साठी, आणि दोन्ही नावं शेवटी त्याच एका यूआर्टकडे जात होती. आलेली अक्षरं दोघे वाटून घेत होते. एकाला ‘आर’ आणि ‘ओ’, दुसऱ्याला ‘ओ’ आणि ‘टी’. एक ओळ काढून टाकली आणि तिसऱ्या सेकंदाला मी आत होतो. तेव्हापासून अक्षरं गळतात किंवा लॉगिन लहरी वागतं असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, या पोर्टवर ऐकणारे किती? कॉम्प्युटरच्या बाजूलाही हाच नियम. दुसऱ्या खिडकीत विसरलेला ‘स्क्रीन’ या प्रोग्रामचा सेशन तेच पोर्ट उघडून बसलेला असेल तर बोर्डाकडून येणारी अक्षरं तशीच वाटली जातात. ‘एफयूझर’ ला पोर्टचं नाव दिलं की कोण बसलंय ते कळतं.

याच्या बरोब्बर उलट प्रकार म्हणजे आपण काही टाइप न करताच ‘पासवर्ड’ विचारला जाणं. बोर्डाचा आरएक्स पिन मोकळा लोंबकळत असेल तर तो आसपासचा विद्युत गोंगाट उचलतो आणि गेटी त्यालाच युजरचं नाव समजतो. त्याच गोंगाटाने यू-बूटही अधूनमधून थांबतो आणि बोर्ड बूट झाला नाही अशी तक्रार येते. उपाय आरएक्सवर पुल-अप रेझिस्टर (पिन हाय धरून ठेवणारा).

पासवर्ड बरोबर, तरी आत घेत नाही

इथे पोचलात म्हणजे तारा, वेग, कर्नल, गेटी सगळ्यांचं काम झालं. आता टर्मिनलच्या सेटिंगवर एकच नजर टाका: एंटरला फक्त सीआर (कॅरेज रिटर्न) जायला हवा. सीआर आणि एलएफ (लाइन फीड) दोन्ही जात असतील तर पहिल्याने नाव पोचतं आणि दुसऱ्याने रिकामा पासवर्ड. पासवर्ड टाइप करायच्या आतच ‘लॉगिन इन्करेक्ट’ आलं तर हे कारण.

मग /इटीसी/शॅडो, म्हणजे पासवर्ड जिथे साठवतात ती फाइल. तिथे दुसऱ्या रकान्यात उद्गारचिन्ह किंवा चांदणी असेल तर त्या खात्यावर पासवर्डने लॉगिन बंद आहे. योक्टोच्या उत्पादनासाठीच्या इमेजमध्ये रूट असाच बंद असतो. ‘डीबग-ट्वीक्स’ ही चाचणीपुरती सवलत काढल्याबरोबर काल चालणारं रिकाम्या पासवर्डचं लॉगिन आज चालेनासं होतं, आणि ते बरोबरच आहे. नव्या योक्टोत तर ‘डीबग-ट्वीक्स’ हे नावच गेलं आहे, त्यातल्या सवलती सुट्या सुट्या मागाव्या लागतात.

हॅश (पासवर्डचं साठवलेलं सांकेतिक रूप) आहे पण जुळत नाही, याचं हल्लीचं मोठं कारण हॅशचा प्रकार. डेबियन ११ पासून डेस्कटॉपवर पासवर्डचा हॅश यसक्रिप्ट पद्धतीने बनतो आणि $वाय$ ने सुरू होतो. तो उचलून मसल या छोट्या सी लायब्ररीवर बांधलेल्या छोट्या सिस्टीमच्या शॅडोत चिकटवला तर तिथल्या क्रिप्ट फंक्शनला तो समजतच नाही. पासवर्ड शंभर टक्के बरोबर, उत्तर शंभर टक्के नकार. ‘ओपनएसएसएल पासडब्ल्यूडी -६’ ने $६$ चा, म्हणजे एसएचए-५१२ चा हॅश बनवा, तो बहुतेक ठिकाणी चालतो. बिझीबॉक्स अगदी छाटून बांधला असेल तर एसएचएचा पर्यायही बंद असू शकतो, तेवढं त्याच्या कॉन्फिगमध्ये बघून घ्या.

रूटला एसएसएचने जाता येतं, सिरीयलवर नाही? /इटीसी/सिक्युअरटीटीवाय फाइल बघा. ती असेल आणि तिच्यात आपल्या पोर्टचं नाव नसेल तर रूटला त्या पोर्टवरून मनाई असते, आणि संदेश मात्र पासवर्ड चुकल्यासारखाच येतो. नव्या चिपवर पोर्टचं नाव बदललं की ही फाइल सगळे विसरतात. उलट रूट चालतो आणि बाकी युजर नाही, तर /इटीसी/नोलॉगिन किंवा /रन/नोलॉगिन राहून गेलीय का ते बघा. दुसरी सिस्टमडी बूट पूर्ण होईपर्यंत ठेवतो, म्हणजे कुठलीतरी सेवा अडकून बूटच अर्धं राहिलंय.

पासवर्ड घेतला आणि पुन्हा लॉगिनच्या ओळीवर आणून सोडलं, तर ‘पासडब्ल्यूडी’ फाइलमधला शेवटचा रकाना वाचा. तिथे /बिन/बॅश लिहिलेलं असतं आणि बोर्डावर फक्त बिझीबॉक्सचा /बिन/एसएच असतो. आणि आत आल्यावर लगेच पासवर्ड बदलायला सांगितलं, पण बदल होत नाही, तर शॅडोच्या तिसऱ्या रकान्यात शून्य आहे (आत्ताच बदला असा त्याचा अर्थ) आणि रूट फाइलसिस्टम रीड-ओन्ली आहे.

आत शिरायचंच असेल तर

हे फक्त स्वतःच्या किंवा ज्यावर काम करायची परवानगी आहे अशा उपकरणावर करा. सिक्युअर बूट लावून बंद केलेल्या उपकरणावर हे चालणार नाही, आणि ते कुलूप तिथे कारणाने असतं.

यू-बूट थांबवा. ‘प्रिंटएन्व्ह बूटआर्ग्ज’ करून आत्ताची ओळ कुठेतरी उतरवून ठेवा. मग ‘सेटएन्व्ह’ ने तीच ओळ लिहून शेवटी इनिट=/बिन/एसएच जोडा आणि ‘बूट’ द्या. ‘सेव्हएन्व्ह’ करू नका, म्हणजे पुढच्या वेळी सगळं जागच्या जागी असेल. बूटआर्ग्ज स्क्रिप्टमधून रचले जात असतील तर आपली जोड पुसली जाते. तेव्हा ‘प्रिंटएन्व्ह’ वाचून ज्या व्हेरिएबलमधून ती ओळ बनते त्यात जोडावं लागतं. सगळं रूट फाइलसिस्टम इनिटरॅमएफएसमध्येच (बूटच्या वेळी मेमरीत उतरणाऱ्या फाइलसिस्टममध्येच) असेल तर इनिट ऐवजी आरडीइनिट.

शेल आला की ‘जॉब कंट्रोल टर्न्ड ऑफ’ अशी ओळ दिसते, तिच्याकडे लक्ष देऊ नका. ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ करा, /प्रॉक माउंट करा, ‘पासडब्ल्यूडी’ ने पासवर्ड बदला किंवा फाइल दुरुस्त करा, ‘सिंक’ द्या, मग ‘रीबूट -एफ’. या शेलमधून ‘एग्झिट’ करू नका. तोच इनिट आहे, तो संपला की कर्नल पॅनिक.

यू-बूट थांबतच नसेल आणि सिस्टम एसडी कार्डवर असेल तर कार्ड कॉम्प्युटरला लावून शॅडो फाइल तिथे बदला. पण पाथ दोनदा वाचा. माउंटच्या जागेऐवजी नुसतं /इटीसी/शॅडो टाइप झालं तर तुम्ही स्वतःच्याच कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलत असता.

लॉगिन झाल्यावर लांब ओळी एकमेकींवर चढत असतील तर तो लॉगिनचा दोष नव्हे. सिरीयलवरून खिडकीचा आकार कळत नाही, म्हणून ‘रीसाइझ’ चालवा किंवा ‘एसटीटीवाय रोज ४० कॉल्स १२०’ (४० ओळी, १२० स्तंभ) असा आकार हाताने द्या. मग बोर्डाची पॉवर पूर्ण काढा, दहा सेकंद थांबा, परत द्या, आणि काहीही न थांबवता लॉगिन करून बघा. ८२५० जातीचा यूआर्ट असेल तर आत गेल्यावर /प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/सिरीयल वाचा. आपल्या पोर्टच्या ओळीत टीएक्स आणि आरएक्सचे आकडे वाढत असले पाहिजेत, आणि ‘एफई’, म्हणजे फ्रेम एरर, दिसायला नको. थोडं टाइप करून परत वाचल्यावर तो दिसायला लागला, तर वेग किंवा तार अजून पूर्ण जुळलेली नाही. तिथे परत जा.